‘राजी’ खेळताना खांब सोडू नका

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा नुसतं बटण बडवत होतो. हातात त्रिशूळ आहे म्हटल्यावर माणूस चेकाळतोच! चार असुरांनी घेरलं आणि मेलो. तीनदा.

मग आजूबाजूला बघायला शिकलो. गेमची नायिका राजी सर्कशीतली पोर, तेव्हा तिला तसंच खेळवा. घेराव पडला की खांबाकडे धावा, खांब धरून गर्रकन फिरा. भोवतीचे सगळे एकदम आडवे. भिंत जवळ असेल तर तिच्यावर चढून उलटी झेप घ्या. वार करण्याआधी एक कोलांटी मारायची सवय लावा, निम्मा मार तिथेच वाचतो.

विष्णूकडून धनुष्य मिळालं की लांबून बाण मारणाऱ्यांना आधी उडवा, जवळच्यांसाठी त्रिशूळच बरा.

विजेची शक्ती घोळक्यात कामाची. ताकद वाढवायला मिळणारे गुण एकाच शक्तीत ओतून बघा, नाही जमलं तर काढून दुसरीकडे लावता येतात.

मंडलाची कोडी सोपी आहेत, चकत्या फिरवून चित्र जुळवायचं. घाई करू नका, राजी आणि तिचा भाऊ गोलू यांची मागची गोष्ट त्यातच आहे.