केवलमूल्याची समीकरणे कशी सोडवावीत: आधी बीजगणित, मग आलेख

संख्येचे केवलमूल्य म्हणजे संख्यारेषेवरचे तिचे शून्यापासूनचे अंतर. |५| आणि |−५| दोन्ही ५. अंतर कधी ऋण नसते, हे पक्के लक्षात ठेवा.

१. केवलमूल्य एकटे करा. ३|क्ष − २| + ४ = १९ घेऊ. ४ वजा करा, ३ ने भागा: |क्ष − २| = ५. ही पायरी गाळून थेट १९ चे −१९ करण्याची चूक सर्रास होते. मग क्ष = −१७/३ येते आणि ताळा पाहिला तर डावी बाजू १९ ऐवजी २७ भरते.

इथे उजवीकडे ऋण संख्या उरली तर उकल नाही, पुढे आकडेमोड करू नका. शून्य उरले तर उकल एकच.

२. दोन समीकरणे मांडा. क्ष − २ = ५ किंवा क्ष − २ = −५. उत्तरे ७ आणि −३.

३. उजवीकडेही क्ष असेल तर ताळा घ्याच. उदाहरण: |क्ष − ४| = २क्ष + १.

क्ष − ४ = २क्ष + १ वरून क्ष = −५.
क्ष − ४ = −(२क्ष + १) वरून क्ष = १.

दुसऱ्या ओळीतला कंस विसरू नका, उणे चिन्ह १ लाही लागते. आता ताळा. क्ष = १ ठेवल्यास दोन्ही बाजू ३. क्ष = −५ ठेवल्यास डावीकडे ९, उजवीकडे −९. म्हणून −५ बाद.

४. आलेख काढा. बाद झालेली −५ मुळात आली कुठून, हे आलेखावर स्वच्छ दिसते, म्हणून एकदा तरी तो हाताने काढावाच. य = |क्ष − ४| साठी (०, ४), (२, २), (४, ०), (६, २) हे बिंदू घ्या. केवलमूल्याच्या उभ्या रेघांमधली राशी जिथे शून्य होते तो (४, ०) घेतलाच पाहिजे. तो सुटला की टोक गोलसर काढले जाते. दोन्ही भुजा पट्टीने सरळ ओढा. त्याच आलेखावर य = २क्ष + १ ची रेषा (०, १) आणि (२, ५) मधून काढा. ती डाव्या भुजेला (१, ३) मध्ये छेदते. उकल म्हणजे या बिंदूचा क्ष-निर्देशक, १; संपूर्ण जोडी नव्हे.

आता उजवी भुजा (४, ०) च्या पुढे क्ष-अक्षाखाली तुटक रेघेने डावीकडे वाढवा. ती रेषेला (−५, −९) मध्ये भेटते. पहिले समीकरण मांडताना आपण हीच वाढवलेली रेघ धरली होती, मूळ आलेखात ती नाहीच.

उत्तर अपूर्णांकात असेल तर आलेखावरून फक्त अंदाज बांधा, नेमकी किंमत बीजगणितानेच काढा.

दोन्हीकडे केवलमूल्य असेल तर काम सोपे. |क्ष + १| = |२क्ष − ४| मध्ये क्ष + १ = २क्ष − ४ वरून ५, आणि क्ष + १ = −(२क्ष − ४) वरून १. कोणतीच बाजू ऋण होऊ शकत नाही, त्यामुळे इथे खोटी उकल येत नाही. ताळा घ्यायचा तो आकडेमोडीसाठी.