शुगरवाल्यांच्या पायांना स्पर्श कळतोय का, घरीच बघा

घरात कुणालाही शुगर असेल तर हे करून बघाच, मशीन-बिशीन काही लागत नाही, आपलं एक बोट पुरे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी काढलेली पद्धत आहे, नावही तेच, इप्सविच टच टेस्ट.

आईला पलंगावर आडवं करा, मोजे काढा, डोळे मिटायला लावा आणि सांगा की बोट लागलं की तुझा उजवा का डावा ते बोल. आधी उजवा अंगठा, उजवी करंगळी, मग डावा अंगठा, डावी करंगळी, शेवटी दोन्ही पायांची मधली बोटं. टोकाला नुसतं टेकवायचं, 1-2 सेकंद, बस. दाबलं की खोलवरचे रिसेप्टर, म्हणजे दाब ओळखणारी नसांची टोकं, पण जागे होतात, आई म्हणते "कळलं की", आणि टेस्ट फुकट. आणि नाही कळलं तर परत लावून "आता? आता कळलं?" करत बसायचं नाही, आपल्या घरांत हे हमखास होतं. सहापैकी 2 किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर सरळ डॉक्टर गाठा.

पायच का, तर कण्याजवळच्या पेशीपासून अंगठ्यापर्यंत जाणारा नसेचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो, आणि शुगरमध्ये सगळ्यात लांब तंतू आधी बिघडतात.

पण ह्या टेस्टमध्ये एक गोची आहे. हलका स्पर्श जातो जाड ए-बीटा तंतूंमधून, सेकंदाला 35 ते 75 मीटर. चटका आणि ठणका जातो बारीक सी तंतूंमधून, त्यांना मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने नेणारं चरबीचं आवरणच नसतं, स्पीड सेकंदाला साधारण 1 मीटर, म्हणून तर पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की आपटल्याचं लगेच कळतं आणि ठणका मागून येतो. आता बारीक तंतू गेले पण जाड शाबूत असले तर सहाही बोटं पास होणार, आणि तोच माणूस मे महिन्यात भर दुपारी इंदूरच्या खजराना गणपतीला अनवाणी प्रदक्षिणा घालून घरी येईल तेव्हा तळव्याला फोड, आणि चटका बसल्याचा पत्ताच नाही. "दुखत नाही ना, मग ठीकच आहे" हे शुगरवाल्या पायाला लागू नाही हो.

त्यासाठी फ्रिजमधला स्टीलचा चमचा आधी मनगटाला, मग पावलाच्या वरच्या बाजूला लावा, पायाला गारवा फारच कमी लागत असेल तर लिहून ठेवा. ही आपली घरगुती आयडिया, पास झालं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. गरम पाण्याने असलं काही करू नका, भाजेल.

रात्री तळवे जळजळतात, मुंग्या येतात असं कुणी म्हणत असेल तर टेस्ट कशीही येवो, दाखवाच. डॉक्टरांकडे 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा) आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) लावून नीट बघतात. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 पण तपासायला सांगा, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय असेच बधिर होतात.