गडाच्या वाटेवर अडलेल्या कुत्र्याला मदत कशी करावी

अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर या नाशिकजवळच्या गडांवर पायथ्याच्या पाड्यांवरील कुत्री बिस्किटांच्या आशेने ट्रेकर्सच्या मागोमाग माथ्यापर्यंत जातात. मार्च ते मे या महिन्यांत काळा कातळ इतका तापतो की त्यांच्या पंजांची कातडी सोलवटते आणि उतरताना एखादे कुत्रे वाटेतच बसकण मारते. अशा वेळी जवळ असणारे लोक एकमेकांना अनोळखी असले, तरी त्यांनी आधी कामे वाटून घ्यावीत. एकाने सूत्रे हाती घ्यावीत, दोघांनी कुत्र्यापाशी थांबावे, एकाने मोबाइलला रेंज मिळेल तिथपर्यंत उतरावे आणि बाकीच्यांनी गर्दी न करता दूर व्हावे.

सर्वांत मोठा धोका उष्माघाताचा असतो. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस असते आणि ते 41 अंशांच्या वर गेल्यास जीव धोक्यात येतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नसल्यामुळे धापा टाकूनच त्याला उष्णता बाहेर टाकावी लागते. न थांबणारी धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, लटपटणारे पाय किंवा ओकारी दिसली, तर त्याला खाली नेण्याची घाई करू नये. आधी थंड करावे आणि मगच हलवावे. सावलीत नेऊन पोट, जांघा आणि पंजे यांवर बाटलीतले पाणी सतत ओतावे व टोपीने वारा घालावा. ओले कापड अंगावर तसेच पांघरून ठेवू नये, कारण त्याखाली उष्णता कोंडते. पिण्यासाठी तळहातावर किंवा डब्याच्या झाकणात थोडे थोडे पाणी द्यावे. कुत्रे अर्धवट शुद्धीत असेल, तर तोंडात पाणी मुळीच ओतू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते. आपल्या वाट्याचे पाणी द्यायला अनेकांना संकोच वाटतो, पण गटातल्या प्रत्येकाने अर्धी बाटली दिली, तरी बहुधा काम भागते.

वेदनेने कळवळणारे शांत कुत्रेही चावू शकते. त्यामुळे समोरून एकदम हात न घालता बाजूने, हळू आवाजात बोलत जवळ जावे. पाय मोडला असेल, तर ओढणी किंवा क्रेप बँडेज जबड्याभोवती सैलसर बांधता येते. मात्र धाप लागलेल्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याचे तोंड कधीही बांधू नये. आपल्या पिशवीतले पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणे त्याच्या जिवावर बेतू शकते. चॉकलेट आणि मनुकेही देऊ नयेत. घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका असेल, तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. त्याला चालू न देता उचलून न्यावे.

गावठी कुत्र्याचे वजन साधारण 15 ते 20 किलो भरते. चादर किंवा घोंगडीची झोळी करून चौघांनी चार टोके धरावीत आणि हात भरून येण्याआधीच माणसे बदलावीत. हरिहरच्या कातळात कोरलेल्या खड्या पायऱ्यांवर मात्र हे जमणार नाही. तिथे दोन्ही हातांनी खोबणी धरूनच उतरावे लागते, म्हणून कुत्रे लहान आणि शांत असेल तरच मोठ्या सॅकमध्ये घालून, डोके बाहेर ठेवून, एक माणूस वर आणि एक खाली अशा साथीने उतरवावे. गळ्याला दोर बांधून खाली सोडणे म्हणजे त्याला फास देणेच होय. कुत्रे मोठे असेल, तर पायऱ्यांच्या वर सावलीत दोघांनी थांबावे आणि निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीतून वाटेची सवय असलेली माणसे बोलवावीत; माझ्या मते एकट्याने धाडस करण्यापेक्षा हा उशीर केव्हाही बरा.

खाली उतरलेल्याने पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करून नेमके ठिकाण, लक्षणे आणि गाडी येऊ शकेल अशी जागा सांगावी. कुत्रे उठून चालू लागले, तरी त्याला पशुवैद्यांना दाखवावे, कारण उष्माघाताने झालेली आतल्या अवयवांची हानी काही तासांनीही उघड होते. बरे झाल्यावर त्याला शहरात न ठेवता त्याच्या पाड्यावर परत सोडावे आणि तिथल्या लोकांना काय झाले ते सांगावे. मदत करताना कोणाला दात लागले किंवा ओरखडा उठला, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.