माणसाची आणि उंदराची हृदयपेशी कॉम्प्युटरवर कशी जोडायची

वाटतं तेवढं अवघड नाहीये हे. साधा लॅपटॉप चालतो, थोडंफार पायथन यायला हवं आणि डिफरन्शियल इक्वेशन बघून पळ काढावासा वाटत नसला की झालं. करायचं काय, तर माणसाच्या व्हेंट्रिकलची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) एक पेशी आणि उंदराची तशीच एक पेशी घ्यायची, दोघींना गॅप जंक्शनने (शेजारच्या पेशींमधून करंट जाऊ देणाऱ्या बारीक वाटेने) जोडायचं आणि कोण कोणाला ओढतंय ते बघायचं. नुसता खेळ नाही हा, मानवी स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयपेशी गिनीपिगच्या (२०१२) आणि माकडांच्या (२०१४) हृदयात खरंच बसवून झाल्यात, आणि माकडांमध्ये त्यानंतर ठोके बिघडलेले दिसले होते.

पेशीचं मॉडेल, म्हणजे तिची समीकरणं, स्वतः लिहीत बसू नका. फिजिओम रिपॉझिटरीवर सेलएमएल (अशी मॉडेलं साठवायचा फॉरमॅट) फाइली फुकट मिळतात, माणसासाठी ओहारा-रूडी २०११ घ्या आणि उंदरासाठी बोंडारेंको २००४. चालवायला मायोकिट हे पायथनचं पॅकेज, पिपने येतं, फक्त सी कंपायलर आणि सनडायल्स ही समीकरणं सोडवणारी लायब्ररी लागते कारण ते आतल्या आत मॉडेलचा सी कोड बनवून चालवतं.

आधी दोन्ही वेगवेगळी चालवा, ही पायरी गाळायची नाही. फाइलीत बऱ्याचदा स्टिम्युलस (पेशीला पेटवणारा विजेचा झटका) आधीच घुसवलेला असतो, तो काढून मायोकिटच्या पेसिंगला (ठराविक वेळाने झटका द्यायच्या सोयीला) जोडा, नाहीतर पेशीला दोनदा शॉक बसतो आणि ग्राफ विचित्र का आलाय ते कळत नाही. सेकंदाला एक ठोका दिला की माणसाच्या पेशीचं अॅक्शन पोटेन्शियल (एका ठोक्यात व्होल्टेज वर जाऊन परत खाली येणं) साधारण २७० मिलिसेकंद टिकतं, मधे मस्त सपाट प्लॅटो दिसतो. उंदराला प्लॅटोच नाही, वर गेलं की लगेच खाली, कारण त्याच्याकडे आयटीओ आणि आयकेयुआर हे पोटॅशियम करंट दणकट असतात आणि ज्या आयकेआर या पोटॅशियम करंटवर माणसाची पेशी रीपोलराइज व्हायला (व्होल्टेज परत खाली आणायला) अवलंबून असते तो प्रौढ उंदरात जवळपास नसतोच. माणसाच्या मॉडेलला हजारेक ठोके देऊन स्थिर होऊ द्या, आतलं सोडियम फार हळू सरकतं.

आता जोडणी. दोन्ही मॉडेल एका फाइलीत आणा, कंपोनंटची नावं भांडतात म्हणून प्रत्येकाला पुढे काहीतरी शेपूट लावा, वेळ मात्र एकच ठेवा. मग खरा मामला एका ओळीचा आहे: माणसाच्या पेशीचा गॅप करंट म्हणजे कंडक्टन्स (जोडणीतून करंट किती सहज जातो ते) गुणिले (माणसाचं व्होल्टेज वजा उंदराचं व्होल्टेज), भागिले माणसाच्या पेशीची कपॅसिटन्स (पेशीचा पडदा किती विद्युतभार साठवतो ते). हा बाकीच्या करंटांच्या बेरजेत टाका. उंदराच्या बाजूला वजाबाकी उलटी आणि कपॅसिटन्स उंदराची. कंडक्टन्स नॅनोसीमेन्समध्ये आणि व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये ठेवलं की उत्तर पिकोअँपिअर येतं, पिकोफॅरडने भागा, काम संपलं.

आकडा टाकून बघू. माणूस प्लॅटोवर +२० ला, उंदीर खाली -७० ला, फरक ९०, कंडक्टन्स १० धरला तर ९०० पिकोअँपिअर, १५३.४ पिकोफॅरडने भागले की जवळपास ५.९ पिकोअँपिअर प्रति पिकोफॅरड. प्लॅटोमध्ये पेशीचा निव्वळ करंट एकच्याही खाली असतो, म्हणजे माणसाचा प्लॅटो किती पटकन कोसळेल बघा, आणि तेवढाच करंट उंदराला वर ढकलत राहतो. दोन टाक्या नळीने जोडल्यासारखं.

कपॅसिटन्सचा १५३.४ हा आकडा दोन्ही मॉडेलमध्ये एकच आहे, आणि १९९४ च्या लुओ-रूडी गिनीपिग मॉडेलमध्येही तोच! म्हणून इथे सोपं जातं, पण टेन टुशरचं माणसाच्या पेशीचं मॉडेल वापरलंत तर तिथे १८५ आहे, तेव्हा डोळे उघडे ठेवा.

उंदीर आणायच्या आधी दोन चाचण्या कराच. माणसाच्याच दोन कॉपी जोडून दोघींना एकदम स्टिम्युलस द्या, गॅप करंट शून्य यायला पाहिजे. मग एकीलाच द्या, आणि दोन्ही बाजूंचे करंट परत आपापल्या कपॅसिटन्सने गुणून बेरीज करा, तीही शून्य. नाही आली तर चिन्ह चुकलंय.

आता सगळ्यात मोठी गोची, तापमान. ओहारा-रूडी ३१० केल्विनला आहे, म्हणजे शरीराचं तापमान, आणि बोंडारेंको २९८ ला, म्हणजे खोलीचं. बरेच जण टी ची (तापमानाची) किंमत ३१० करतात आणि खूश होतात, पण त्याने फक्त नर्न्स्टसारख्या समीकरणांतलं आरटी बाय एफ बदलतं, चॅनेल उघडायचा-मिटायचा वेग तसाच राहतो. तो वेग वाढवायचा तर प्रत्येक गेटला (चॅनेलच्या दाराला) क्यू१० (तापमान १० अंश वाढलं की वेग किती पट होतो तो आकडा) लावा आणि तुम्ही हे केलंय असं स्पष्ट लिहा. माझं मत विचाराल तर सुरुवातीला काहीच बदलू नका, ग्राफवर 'उंदीर, २५ अंश' असं लिहा, म्हणजे तापमानाचा फरक प्राण्यांचा फरक म्हणून खपवला जाणार नाही.

ठोक्यांचंही तसंच. उंदराचं हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास, म्हणजे दोन ठोक्यांत १०० मिलिसेकंद, त्यात माणसाचं २७० कसं बसणार? आधी सेकंदाला एक ठेवा, मग हळूहळू वाढवत माणसाची पेशी कुठे ठोका चुकवते ते नोंदवा.

मग कंडक्टन्स ० पासून चढवत न्या, १, २, ५, १०, ५०. एकदा फक्त माणसाला स्टिम्युलस, एकदा फक्त उंदराला, आणि दोन्ही वेळी समोरची पेशी किती कंडक्टन्सला पेटते तो आकडा काढा. सोबत दोघींचं एपीडी ९० (अॅक्शन पोटेन्शियल ९० टक्के खाली यायला लागणारा वेळ) कंडक्टन्ससमोर काढलंत तर कोण कोणाला ओढतंय ते एका ग्राफमध्ये दिसतं.

स्टेम सेलच्या प्रश्नाकडे वळायचं असेल तर ओहारा-रूडी काढून पासी २०१३ हे स्टेम सेल हृदयपेशीचं मॉडेल टाका, ती पेशी आपली आपणच ठोके देते त्यामुळे तिला स्टिम्युलस लागत नाही. फक्त त्या मॉडेलमध्ये वेळ सेकंदात आहे आणि व्होल्टेज सरळ व्होल्टमध्ये, तर हजाराचा तो फरक आधी मिटवा, मगच जोडा.