सादड्याचा शेंडा कसा पकडायचा

दारणेच्या काठी आमच्या मळ्याच्या बांधाला एक अर्जुनसादडा आहे. पहिल्या वर्षी त्याची उंची मी साडेपंचवीस मीटर लिहून ठेवली, चार जणांना सांगितलीही. ती जवळपास पाच मीटरने चुकली होती.

शाळेत शिकलेली रीत अशी: बुंध्यापासून २० मीटरवर उभं राहायचं, शेंड्याचा कोन घ्यायचा, अंतराला त्या कोनाच्या टॅनने (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) गुणायचं. कोन आला ५० अंश. २० गुणिले १.१९ म्हणजे २३.८, डोळ्याच्या पातळीखालचे १.७ मिळवले. गणितात खोट नाही. पण शेंडा बुंध्याच्या बरोबर डोक्यावर आहे, असं त्यात धरलेलं असतं. माझ्या सादड्यामागे बाभळींची दाटी, म्हणून तो उजेडासाठी मळ्याकडे कललेला, आणि मी मळ्यातच उभा. शेंडा माझ्यापासून आडवा १६ मीटरवरच होता.

म्हणून अंतर बुंध्याचं नाही, शेंड्याचं घ्या. त्यासाठी लेझर रेंजफाइंडर, म्हणजे नेम धरून अंतर सांगणारं यंत्र लागतं, गोल्फवाले वापरतात तसलं. बांधकामावरच्या लेझरचा ठिपका उन्हात दिसत नाही. शेंड्यावर नेम धरला तर तिरकं अंतर आलं २४.९ मीटर. त्याला ५० अंशांच्या साइनने, म्हणजे ०.७६६ ने गुणा: १९.१. तसाच नेम बुंध्यावर धरून खालचे १.७ काढा. बेरीज २०.८. झाड कुठेही कललेलं असो, ही रीत फसत नाही. तुम्ही पात्रात उभे असाल आणि बुंधा डोळ्याच्या वर असेल, तर मात्र खालचं माप मिळवायचं नाही, वजा करायचं.

स्वस्त यंत्र अर्धा किंवा एक मीटरच्या टप्प्याने आकडा दाखवतं. अशा वेळी हळूहळू मागे सरका आणि आकडा २४ चा २५ होतो तिथेच थांबा. तेच माप धरा. कोनासाठी फोन चालतो, पण आधी तो लादीवर ठेवून शून्य दाखवतो का बघा, मग उलट दिशेला फिरवून पुन्हा बघा.

सगळ्यात जास्त वेळ शेंडा शोधण्यात जातो, आणि जाऊ द्यावा. खालून जवळची फांदी नेहमीच उंच भासते. मी दहा-बारा डहाळ्यांवर नेम धरतो, प्रत्येकीचा हिशेब करतो, सर्वांत मोठा आकडा ठेवतो. फाल्गुन-चैत्रात पानं विरळ असतात, तेव्हा लेझर मधल्या पानांवर अडत नाही.

अमेरिकेतल्या व्हाइट पाइन या पाइनच्या जातीच्या झाडांचे मापारी याच रीतीने मापतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅटालूची खोऱ्यात बूगरमन पाइन नावाचं झाड १९९५ साली सुमारे २०७ फूट, म्हणजे ६३ मीटर भरलं होतं. त्याच वर्षी ओपल चक्रीवादळात त्याचा शेंडा मोडला. माप आधी झालं होतं म्हणून ती उंची आज ठाऊक आहे.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्या. उतारावर वरची आणि खालची बाजू यांच्या मधली पातळी जमीन समजा. टेप लावण्याआधी सालीवरून हात फिरवा. सादड्याची साल गुळगुळीत, राखाडी-पांढरी. तिचे पातळ पापुद्रे सुटतात आणि आत फिकट गुलाबी रंग दिसतो. काढ्यासाठी कुणी साल सोललेली असेल तर त्या खाचेवर टेप बसवू नका. किंचित वर घ्या आणि तसं लिहा.

दुसऱ्याच्या मळ्यात जाताना आधी विचारा. एका आजोबांनी मला थांबवलं होतं, "झाड तोडायला आलात का?" मी म्हटलं, "नाही आबा, मापायला." मग शेंड्याचा आकडा त्यांनीच वहीत लिहिला.

वहीत तारीख, उभं राहिल्याची जागा, दोन्ही अंतरं आणि दोन्ही कोन लिहा, नुसती उंची नको. माझ्या जागेवर बांधातल्या दगडाला चुन्याची खूण आहे. दर फाल्गुनात तिथूनच मापतो.