काजूच्या ड्युटीवर खरा हिशोब मांडणारा स्वतंत्र आयोग उभा करायचा तर

काजूचा सीझन आला की वेंगुर्ला-सावंतवाडीकडे दरवर्षी तीच बोंब, बीला दर नाही, आफ्रिकेची बी येते तिच्यावर ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, वाढवा. बागायतदाराचं चुकीचं नाहीच. पण आपली बी संपली की तीच बाहेरची बी फोडून कारखाने चालतात आणि गर सोलायला बसलेल्या बायकांची मजुरी त्यावर असते, मग ड्युटी वाढली तर त्यांचं काय? दोन्ही बाजू एका कागदावर मांडणारं कोणीतरी हवंच.

आयोग संसदेच्या कायद्यानेच करायचा, नुसत्या आदेशाने झालेली समिती दुसऱ्या आदेशाने गुंडाळता येते. ऑस्ट्रेलियात प्रॉडक्टिव्हिटी कमिशन, म्हणजे सरकारला आर्थिक प्रश्नांवर चौकशी करून सल्ला देणारा स्वतंत्र आयोग, 1998 च्या कायद्याने झालं, त्याची मुळं आयात शुल्कावर सल्ला देणाऱ्या 1921 च्या टॅरिफ बोर्डात आहेत. अर्थात कायदा असला म्हणजे झालं असंही नाही, आपलं 1951 च्या कायद्याचं टॅरिफ कमिशन 1976 ला बंदच झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आयोगाला ड्युटी ठरवायचा अधिकार देऊ नका. अधिकार दिला की सगळे दबाव टाकायला तिथेच रांग लावणार. निर्णय मंत्र्याचाच राहू दे, आयोगाने फक्त चौकशी करायची आणि ती उघड छापायची. ऑस्ट्रेलियात चौकशीचा अहवाल सरकारकडे गेला की अधिवेशनाच्या 25 बैठकांच्या आत संसदेत ठेवावाच लागतो, दाबून ठेवता येत नाही. मला तरी खरी ताकद यातच दिसते.

सदस्यांना ठरलेली मुदत, मध्येच काढता येणार नाही अशी, आणि त्या धंद्यात स्वतःचा पैसा अडकलेला माणूस नको. कस्टमची आकडेवारी मागायचा हक्क कायद्यातच लिहून घ्या.

सुनावणी दिल्लीच्या हॉटेलात नको, वेंगुर्ल्यात घ्या, तीही बी गोळा करायच्या दिवसांत नको कारण तेव्हा बागेतून कोण येणार. आधी कच्चा अहवाल मराठीत द्या, लोकांनी चुका दाखवल्या की मग पक्का करा. प्रत्येक वेळी विचारायचं, फायदा कोणाला, भुर्दंड कोणाला, आणि ड्युटीशिवाय दुसरा मार्ग आहे का? म्हणजे बी नीट वाळवून पोत्यात ठेवायला गोदाम आणि त्यावर कर्ज मिळालं तर बागायतदाराला पडत्या दरात लगेच विकायची घाई राहील का, हे तपासायलाच पाहिजे.

कायदा होईपर्यंत गप्प बसू नका, आपल्या खासदाराला आणि संसदेच्या वाणिज्य समितीला लेखी द्या, आणि त्यात नुसतं ड्युटी वाढवा असं न लिहिता किती बी झाली, काय दराने गेली, खर्च किती आला ते लिहून विक्रीच्या पावत्या जोडा.