ब्रेव्ह बर्ड मारताय? आधी या चुका टाळा

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममध्ये ब्रेव्ह बर्ड ही मूव्ह (म्हणजे अ‍ॅटॅक) आली २००६ साली, डायमंड आणि पर्ल या गेमबरोबर. एवढी वर्षं उलटली तरी नवखी मंडळी अजून तेच करतात: स्वतःच्या हाताने स्वतःचा पक्षी पाडतात आणि वर नशिबाला बोल लावतात. इथे नशिबाचा काही संबंध नाही. फ्लाइंग टाइप, फिजिकल, पॉवर १२०, अ‍ॅक्युरसी १००. बदल्यात समोरच्याचा जेवढा एचपी (म्हणजे जीव) गेला, त्याच्या एक तृतीयांश आपला जातो; यालाच रिकॉइल म्हणतात. अट एवढीच आहे, आणि आपल्यालाही मार बसतो हे मूव्हच्या वर्णनातच सांगितलेलं असतं. पण वर्णन वाचायला वेळ कोणाला आहे? सगळ्यांना १२० तेवढा दिसतो.

रिकॉइल कशाचा मोजतात, हेच माहीत नसणं

माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात मोठी चूक हीच. बहुतेकांना वाटतं की रिकॉइल म्हणजे आपल्या एचपीचा ठरलेला तुकडा. तसं नाही. तो समोरच्याच्या गेलेल्या एचपीवर ठरतो, टक्केवारीवर नाही तर आकड्यावर. म्हणजे समोर किडकिडीत पोकेमॉन असेल तर तो एका फटक्यात आडवा होऊनही आपल्याला फारसं काही होत नाही. समोर ब्लिसीसारखं एचपीचं कोठार असेल, तर तो फटका आपल्यालाच महागात पडतो.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. स्कार्लेटमध्ये आमची लेव्हल ५० ची लढत चालली होती, टेरा (लढतीत एकदाच टाइप बदलायची सोय) दोघांचाही वापरून झालेला. त्याच्याकडे स्टारॅप्टर: रेकलेस अ‍ॅबिलिटी (अंगभूत गुण), हातात लाइफ ऑर्ब (मार वाढवणारी, पण फटक्यामागे थोडा एचपी खाणारी वस्तू), अ‍ॅटॅक आणि स्पीड भरभरून वाढवलेले, एचपी १६०. माझी ब्लिसी डिफेन्सवर पोसलेली, एचपी ३६२. त्याच्या बाजूला माझे स्टेल्थ रॉक (मैदानात उतरणाऱ्याला लागणारे दगड) आधीच पसरलेले होते. स्टारॅप्टर मैदानात उतरला तोच ४० एचपी गमावून. राहिले १२०. साहेबांना त्याचं काही नाही. "मामा, ही बघ, एका फटक्यात झोपवतो!"

ब्रेव्ह बर्ड बसला. ब्लिसीचे ३२१ एचपी गेले, ४१ उरले. रिकॉइल १०७. स्टारॅप्टरकडे राहिले १३, आणि मग लाइफ ऑर्बने आपले १६ मागितले. पक्षी जमिनीवर. ब्लिसीने त्याच टर्नला सॉफ्ट-बॉइल्ड (अर्धा एचपी परत देणारी मूव्ह) वापरून एचपी २२२ वर नेला. पोरगा स्क्रीनकडे बघतच राहिला.

आता खरी गंमत ऐका. त्या हिशेबात ब्रेव्ह बर्डने ब्लिसी मरणं शक्यच नव्हतं. रेकलेस आणि लाइफ ऑर्ब धरूनही डॅमेज साधारण २९४ ते ३४७ च्या मध्येच पडतो. आणि त्याच स्टारॅप्टरकडे क्लोज कॉम्बॅट ही फायटिंग टाइपची मूव्ह होती! ब्लिसी नॉर्मल टाइप, फायटिंगचा मार तिला दुप्पट लागतो. डॅमेज ३२५ ते ३८५ च्या आसपास, म्हणजे ती एका फटक्यात जाण्याची बऱ्यापैकी संधी. रिकॉइल शून्य, फक्त लाइफ ऑर्बचे १६. स्वतःचे दोन्ही डिफेन्स एकेक पायरी उतरले असते, ते चाललं असतं. १०४ एचपी घेऊन पक्षी उभा राहिला असता. पण नाही. पक्षी आहे म्हणजे पक्ष्याचाच अ‍ॅटॅक मारायचा, असं कोणीतरी यांच्या डोक्यात भरवून ठेवलंय.

माझी सवय साधी आहे. बटण दाबायच्या आधी समोरच्याचा उरलेला एचपी अंदाजाने धरायचा आणि तिनाने भागायचं. जो आकडा येतो, त्याहून जास्त रिकॉइल होऊच शकत नाही. तेवढा एचपी आपल्याकडे नसेल तर दुसरा विचार करायचा. लोक यासाठी डॅमेज कॅल्क्युलेटर उघडून बसतात. चांगलं आहे, पण भागाकार तरी यायला हवा ना?

याच नियमाची दुसरी बाजू कोणी वापरत नाही, याचं मला नवल वाटतं. समोरच्याचे ३० एचपी उरले असतील, तर ब्रेव्ह बर्ड कितीही जोरात बसला तरी रिकॉइल १० च. म्हणजे हा अ‍ॅटॅक अर्धमेल्या शत्रूला संपवायला स्वस्त आहे आणि ताज्यातवान्या शत्रूवर महाग. नवखे नेमकं उलट करतात: पहिल्याच टर्नला पूर्ण एचपीच्या शत्रूवर घालतात आणि शेवटी पक्ष्यात काही उरत नाही म्हणून स्विच करत बसतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

टॅलनफ्लेमची जुनी पुण्याई

२०१३ च्या एक्स आणि वायमध्ये टॅलनफ्लेमने धुमाकूळ घातला होता. गेल विंग्ज अ‍ॅबिलिटीमुळे त्याच्या प्रत्येक फ्लाइंग मूव्हला प्रायॉरिटी मिळायची. म्हणजे समोरचा कितीही वेगवान असो, ब्रेव्ह बर्ड आधी. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत पाचिरिसू घेऊन जिंकलेल्या से-जून पार्कच्या टीममध्येही टॅलनफ्लेम होता. त्या काळातले व्हिडिओ बघून आजही लोक तो टीममध्ये घेतात.

पण २०१६ च्या सन आणि मूनपासून नियम बदलला. आता पूर्ण एचपी असेल तरच गेल विंग्ज चालते. आणि ब्रेव्ह बर्ड मारला की पूर्ण एचपी राहतो कुठे? पहिला फटका प्रायॉरिटीने, दुसऱ्या फटक्याला अ‍ॅबिलिटी गायब. लेव्हल ५० ला टॅलनफ्लेमचा एचपी १५३ (एचपी वाढवला नसेल तर). समोर एचपी पूर्ण वाढवलेला अमूंगस असेल, त्याचे २२१. तो एका फटक्यात गेला तरी आपले ७० हून जास्त जातात. त्यात स्टेल्थ रॉक असले तर विषयच संपला. फायर आणि फ्लाइंग दोन्ही असल्यामुळे टॅलनफ्लेमला ते चौपट लागतात, मैदानात पाय ठेवताच अर्धा एचपी साफ, गेल विंग्जही साफ.

म्हणून टॅलनफ्लेम घ्यायचाच असेल तर स्टेल्थ रॉकपासून वाचवणारे हेवी-ड्युटी बूट्स घाला. यावर मी वाद घालत नाही. चॉइस बँड (अ‍ॅटॅक वाढवणारी, पण एकाच मूव्हला बांधून ठेवणारी वस्तू) घालून मिरवायचे दिवस गेले. माझ्या टॅलनफ्लेमकडे विल-ओ-विस्प (समोरच्याला बर्न करणारी मूव्ह) आणि रूस्ट (एचपी भरून आणणारी) असतात, ब्रेव्ह बर्ड फक्त शेवटचा घाव घालायला. आणि कृपा करून ब्रेव्ह बर्डच्या जोडीला फ्लेअर ब्लिट्झ घेऊन "सगळीकडून जोरात मारतो" असं सांगू नका. त्याचाही रिकॉइल एक तृतीयांशच आहे. दोन्ही हातांनी एचपी उधळायचा असेल तर मग रूस्टला जागा कुठे राहिली?

बाकीच्या, थोडक्यात

रेकलेस रिकॉइल कमी करत नाही. ती रिकॉइलच्या मूव्हची ताकद २० टक्के वाढवते, म्हणजे डॅमेज वाढला की रिकॉइलही वाढतो. रिकॉइल थांबवते ती रॉक हेड. दोन्ही नावं एकमेकांत मिसळून सल्ले देणारे महाभाग खूप आहेत.

ब्रेव्ह बर्डमध्ये पक्षी समोरच्याला प्रत्यक्ष धडकतो. रॉकी हेल्मेट घातलेला गार्चॉम्प असेल तर हेल्मेटचा एक षष्ठांश आणि त्याच्या रफ स्किनचा एक अष्टमांश, दोन्ही आपल्या पूर्ण एचपीमधून. वरच्या त्याच १६० एचपीच्या स्टारॅप्टरचे ४६ गेले, आणि रिकॉइल अजून मोजलेलाच नाही. मोल्ट्रेसच्या फ्लेम बॉडीने बर्न झालात तर फिजिकल डॅमेज अर्धा.

रॉक, स्टील आणि इलेक्ट्रिकवर फ्लाइंगचा मार अर्धाच लागतो. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

प्रोटेक्टवर (फटका अडवणाऱ्या मूव्हवर) ब्रेव्ह बर्ड आदळला तर रिकॉइल होत नाही, हाय जंप किकसारखं आपटायला होत नाही. त्यामुळे डबल्समध्ये (दोन-दोन पोकेमॉनच्या लढतीत) उगाच घाबरू नका. टर्न मात्र फुकट जातो.

वॉबफेटसमोर हा अ‍ॅटॅक मारू नका. रिकॉइल खाल, आणि त्याच्या काउंटर या मूव्हने बसवलेला मार दुप्पट परत खाल.

नुकतीच सुरुवात केली असेल तर स्टारॅप्टरच्या मागे लागण्यापेक्षा कॉर्व्हिनाइट घ्या. त्याचा अ‍ॅटॅक बेताचा, म्हणून डॅमेज बेताचा, म्हणून रिकॉइलही बेताचा. अंगाने दणकट, स्टील टाइपमुळे स्टेल्थ रॉकचा जाचही कमी, आणि रूस्टने एका टर्नला अर्धा एचपी परत. फक्त रूस्ट कधी मारायचा ते बघा: त्या टर्नपुरता फ्लाइंग टाइप जातो, त्यामुळे एरवी न लागणारा अर्थक्वेक तेव्हा चांगलाच लागतो. लोकांना कॉर्व्हिनाइट कंटाळवाणा वाटतो. वाटू दे. कंटाळवाणा पक्षी दहाव्या टर्नलाही उभा असतो.

आणि मोबाइलवरचा पोकेमॉन गो खेळून निन्टेंडो स्विचवर आलेल्यांसाठी एक: तिकडचा ब्रेव्ह बर्ड वेगळा आहे. खेळाडूंच्या लढतीत गोमध्ये रिकॉइल नसतो, आपला डिफेन्स तीन पायऱ्या घसरतो. त्यामुळे तिथे मारून लगेच दुसऱ्याला आत आणलं की डिफेन्सची घसरण पुसली जाते. तीच सवय इकडे आणली तर पक्षी बाहेर जाईल, पण गेलेला एचपी बाहेर बसून भरून येत नाही.